रस्त्याचे सुशोभन आणि त्यानंतरचे दिवस

तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या कोणत्याही गावी परगावचा माणूस उतरला, की त्या गावाची पहिली ओळख त्याला होते ती एस. टी. स्थानकापासून मुख्य चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गाव सधन असो वा निर्धन, नदीकाठचे असो वा माळावरचे, महाराष्ट्रात या रस्त्याचे रूप बहुधा एकाच साच्यातून निघालेले असते. दोन्ही बाजूंना दुकानांच्या पुढे सरकलेल्या पायऱ्या, त्या पायऱ्यांखाली गडप झालेले गटार, गटारापुढे उभ्या केलेल्या दुचाकींची रांग, आणि उरलेल्या पट्टीतून एकमेकांना चुकवीत चाललेल्या एस. टी. गाड्या, उसाचे ट्रॅक्टर, रिक्षा व शाळकरी मुले. मान वर करावी तर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक आकाश अडवून उभे. रस्त्याला बहुतेक ठिकाणी एखाद्या थोर पुरुषाचे नाव दिलेले असते. फलकांच्या गर्दीत त्या नावाची पाटी तेवढी शोधूनही सापडत नाही.

हे रूप पालटावे असे वाटणारी माणसे गावोगावी आहेत आणि त्यासाठी प्रयत्नही होत आले आहेत. २००० साली राज्य शासनाने संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. २ ऑक्टोबर २०१४ रोजी केंद्र शासनाचे स्वच्छ भारत अभियान आले, आणि २०१६ पासून सुरू झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणाने शहराशहरांत चढाओढ लावून दिली. या साऱ्यांतून ‘लोकसहभागातून सुशोभन’ हा शब्दप्रयोग नगरपालिकांच्या कागदपत्रांत रुळला. त्याचे दृश्य स्वरूप आता सर्वांच्या परिचयाचे आहे. एका रविवारी सकाळी राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक, व्यापारी संघाचे पदाधिकारी आणि एखादे सेवाभावी मंडळ असे सारे चौकात जमतात. कोरे झाडू वाटले जातात. दुभाजकावर पट्टे ओढले जातात, शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर मोर, वारली नर्तक आणि पाणी वाचविण्याचा संदेश उमटतो, ठराविक अंतरावर कुंड्या मांडल्या जातात आणि अल्पोपाहाराने समारंभाची सांगता होते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र येते.

या सकाळीची थट्टा करण्याचे कारण नाही. त्या मुलांचा उत्साह खरा असतो, आणि आयुष्यात प्रथमच सार्वजनिक रस्ता झाडणाऱ्या तरुणाला त्या दोन तासांत जे कळते ते एखाद्या पाठ्यपुस्तकाने कळेलच असे नाही. प्रश्न पुढच्या दिवसांचा आहे. होळीच्या सुमारास त्याच रस्त्यावरून चालत गेले, तर कुंड्यांतील रोपे वाळलेली आणि कुंड्या कागदाच्या पेल्यांनी भरलेल्या दिसतात. मोराच्या पिसाऱ्यावर खाजगी शिकवणीवर्गाची जाहिरात चिकटलेली असते. मग ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हा निष्कर्ष काढण्यात येतो. तो फार सोयीचा आहे. कारण तो एकदा काढला, की पुढे कोणालाच काही करावे लागत नाही. वस्तुतः दोष लोकांच्या स्वभावात शोधण्यापूर्वी योजनेच्या रचनेत शोधावयास हवा.

खर्च एकदाचा आणि खर्च रोजचा

अर्थशास्त्रात भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च असा भेद पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकविला जातो. रस्त्याच्या सुशोभनाचा विचार करताना नेमका तोच भेद नगरपालिका आणि नागरिक दोघेही विसरतात. कुंडी विकत घेणे हा एकदाचा खर्च. तिला पाणी घालणे हा रोजचा. भिंत रंगविणे हे एका सकाळीचे काम. तिच्यावर कागद चिकटू न देणे हे वर्षभराचे. श्रमदान हे स्वभावतःच पहिल्या प्रकारात मोडते. त्याला तारीख असते, प्रमुख पाहुणे असतात, आरंभ आणि शेवट असतो. रस्त्याचे रूप मात्र दुसऱ्या प्रकारच्या खर्चावर अवलंबून असते, आणि त्याला यांपैकी काहीही नसते.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. मुख्य रस्त्याच्या कडेला १०० झाडे लावली आहेत असे समजू. जुलैत लावलेले रोप पावसाळा काढते, हिवाळाही कसाबसा काढते. ते मरते ते फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत. या १२० दिवसांत प्रत्येक झाडाला दोन दिवसांआड एक घागर पाणी द्यायचे ठरविले, तर एकूण ४,००० घागरी होतात. हे काम पालिकेने करायचे म्हटले तर टँकर, चालक, डिझेल, मजूर आणि ज्या दिवशी गावालाच पाणी नाही त्या दिवशी होणारी ओरड, असा सारा व्याप आला. पण त्या झाडांसमोर १०० दुकाने असतील, तर प्रत्येक दुकानाच्या वाट्याला चार महिन्यांत ४० घागरी येतात. दुकान उघडल्यावर पायरीवर शिंपडण्यासाठी जे पाणी वापरले जाते, त्यातलेच ते आहे. लोकसहभागाचा खरा उपयोग अशा कामात असतो. काम लहान हवे, विखुरलेले हवे, आणि ते करणाऱ्याच्या दाराशी असलेले हवे.

झाडांचा विषय निघाला आहे म्हणून आणखी एक गोष्ट. राज्यातील नागरी भागांतील झाडांच्या रक्षणासाठी १९७५ सालापासून स्वतंत्र कायदा आहे आणि झाड तोडणाऱ्याला तो शिक्षा सांगतो. पण सुशोभनाच्या नावाखाली बुंध्यापर्यंत सिमेंट वा पेव्हिंग ब्लॉक बसवून झाडाचा श्वास कोंडणाऱ्या ठेकेदाराला सहसा कोणी जाब विचारीत नाही. दिल्लीतील झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली बुंध्याभोवतीची एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. तो आदेश दिल्लीपुरता असला तरी झाडांची मुळे सर्वत्र सारखीच असतात. जुन्या वड-पिंपळांना सिमेंटचे पार बांधून त्यांवर फरशी ठोकणाऱ्या गावांनी हे लक्षात घेतलेले बरे.

दोन चौकांमधले लोक

‘सार्वजनिक मालमत्ता सर्वांची, म्हणून कोणाचीच नाही’ हे वाक्य आपल्याकडे वारंवार ऐकू येते. त्याला शास्त्रीय रूप दिले ते गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली. सामाईक कुरणात प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवीत जातो आणि शेवटी कुरणच नष्ट होते, असा त्याचा युक्तिवाद होता. रस्त्याला तो तंतोतंत लागू पडतो असे प्रथमदर्शनी वाटते. एका दुकानदाराने पायरी फूटभर पुढे घेतली तर त्याचा लाभ त्याला पूर्ण मिळतो आणि तोटा मात्र हजारो पादचाऱ्यांत वाटला जातो. शेजाऱ्याने पायरी पुढे घेतली असता आपण मागे राहणे हा मूर्खपणा ठरतो. अशा रीतीने कोणाच्याही मनात दुष्टावा नसताना दहा वर्षांत रस्ता चार-पाच फुटांनी अरुंद होतो.

तथापि हार्डिनचे म्हणणे हा शेवटचा शब्द नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने स्वित्झर्लंडमधील डोंगरी कुरणे, स्पेनमधील पाटबंधारे, जपानमधील गावराने यांचा अभ्यास करून १९९० साली असे दाखवून दिले, की शेकडो वर्षे सामाईक मालमत्ता नीट सांभाळणारे समाज जगात अनेक आहेत. या कार्यासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले; ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. अर्थात महाराष्ट्राने त्यासाठी स्वित्झर्लंडपर्यंत जाण्याची गरज नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली फड पद्धती हे त्याचेच उदाहरण आहे. पाणी सर्वांचे; पण ते वाटायला पाटकरी, राखायला जागल्या, आणि दोघांचा मोबदला लाभधारकांनी द्यायचा. तेथे ‘जनजागृती’ हा शब्द कोणी उच्चारला असेल असे वाटत नाही. कोणाचे काम कोणते आणि ते केले नाही तर विचारणार कोण, एवढे ठरलेले होते.

आणखी एक मुद्दा मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली मांडला होता. गट जितका मोठा, तितकी एकत्र कृती अवघड. कारण मोठ्या गटात ‘माझ्यावाचून अडत नाही’ असे प्रत्येकालाच वाटते. या दृष्टीने पाहता ‘चला, शहर सुंदर करू या’ ही घोषणा मुळातच चुकीची आहे. शहर हा फार मोठा गट आहे. दोन चौकांमधील शंभर-दीडशे मीटरचा तुकडा, त्यावरील वीस-पंचवीस दुकाने, एक बँक, एक शाळा, एक रिक्षा थांबा आणि पाच-सहा भाजीवाल्या, एवढी माणसे मात्र एकमेकांना नावाने ओळखतात. कोणी कचरा कोठे टाकला हे त्यांना कळते आणि त्याला टोकता येते. शहराचा मुख्य रस्ता अशा दहा-बारा तुकड्यांचा बनलेला असतो, आणि तो सुधारायचा असेल तर त्या तुकड्यांतूनच सुधारता येईल.

बंगळूर येथील अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. २०१० साली तेथील चर्च स्ट्रीट या गजबजलेल्या रस्त्यावर काही नागरिकांनी आपली नावे न सांगता काम सुरू केले. ‘द अग्ली इंडियन’ असे काहीसे बोचरे नाव त्यांनी स्वतःला घेतले आणि ‘काम चालू, मूँह बंद’ हे बोधवाक्य ठरविले. भाषण नाही, मोर्चा नाही, अधिकाऱ्यांवर टीका नाही. रस्त्यावरील एकच घाण जागा निवडायची, तेथे घाण का होते हे आधी काही दिवस पाहायचे, मग ती स्वच्छ करून, पदपथ नीट करून, रंग देऊन, कुंड्या ठेवून जागेचे स्वरूपच बदलून टाकायचे. आजूबाजूचे दुकानदार, पहारेकरी व सफाई कामगार यांना विश्वासात घ्यायचे, म्हणजे जागा पुढे टिकते. या कामातील खरी शिकवण रंगात नसून ‘आधी पाहायचे’ यात आहे. एखाद्या कोपऱ्यावर कचरा पडतो तो बहुधा घंटागाडीची वेळ आणि घरातील माणसे कामावर जाण्याची वेळ जुळत नाही म्हणून. भिंतीशी लघवी होते ती मैलभरात मुतारी नाही म्हणून. कारण न शोधता तेथे देवादिकांच्या चित्रांच्या फरशा बसविण्याचा जो उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो, त्याने घाण फक्त पुढच्या कोपऱ्यावर सरकते.

हेही सांगितले पाहिजे, की त्याच चर्च स्ट्रीटची पूर्ण पुनर्रचना २०१८ साली झाली ती शासनाच्या पैशाने आणि अभियंत्यांच्या हातून. जमिनीखालील गटारे, केबली, पाण्याचे नळ हे काम नागरिकांच्या रविवारच्या उत्साहाने होत नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. पालिकेने आपले काम लोकांवर ढकलणे याला लोकसहभाग म्हणता येणार नाही.

स्वस्त झालेली प्रसिद्धी

रस्त्याच्या विद्रूपतेचे सर्वांत ठळक कारण मात्र कचरा नव्हे, फलक आहेत. यामागेही एक साधा आर्थिक नियम आहे. पूर्वी फलक हाताने रंगवावा लागे. पेंटर दोन-चार दिवस लावी, कापड वा पत्रा महाग असे, आणि म्हणून फलक लावण्याजोगे प्रसंगही मोजके असत. संगणकावरील छपाईने फलकाची किंमत इतकी खाली आली, की आता बारशापासून पुण्यस्मरणापर्यंत आणि गल्लीतील मंडळाच्या उपाध्यक्षपदाच्या निवडीपर्यंत काहीही फलकायोग्य ठरते. फलक लावणाऱ्याला जागेचे भाडे पडत नाही, काढण्याचा खर्च पडत नाही. जी वस्तू फुकट मिळते तिचा वापर बेसुमार होणारच.

कायदा नाही असे नव्हे. मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा राज्याचा अधिनियम १९९५ सालचा आहे आणि त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही अशी तरतूद आहे. दोन हजार रुपयांचा धाक १९९५ मध्ये किती होता हे ठाऊक नाही. आज तो फलकावर झळकणाऱ्या एका नेत्याच्या हारालाही पुरत नाही. बेकायदा फलकांविरुद्ध साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने २०११ साली केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर निकाल दिला आणि राज्यभरच्या पालिकांना कारवाईचे आदेश दिले. एका जिल्ह्याच्या गावातील नागरिकांनी चिकाटीने सहा वर्षे न्यायालयात काढावीत, हाही लोकसहभागच होय. कदाचित झाडू हाती घेण्यापेक्षा अधिक कष्टाचा. तरीही फलक हटलेले नाहीत, कारण ते काढण्याचा अधिकार ज्या मुख्याधिकाऱ्याला आहे त्याची बदली ज्यांच्या शब्दावर होते त्यांचीच छायाचित्रे त्या फलकांवर असतात.

येथे व्यापारी संघ एक गोष्ट करू शकतो, आणि तिला एक पैसाही लागत नाही. आपल्या दुकानापुढच्या खांबाला वा छज्जाला कोणाचाही फलक बांधू द्यायचा नाही, असा सर्वांनी मिळून ठराव करायचा. एकट्या दुकानदाराला ‘नाही’ म्हणणे अवघड जाते. वर्गणी मागायला येणारी मुलेच फलक बांधायला येतात. पंचवीस जणांनी मिळून ‘नाही’ म्हटले तर ते व्यक्तीवरचे राहत नाही. सौंदर्यासाठी नागरिकांनी काय द्यावे या प्रश्नाचे उत्तर बहुधा पैसा आणि श्रम असे दिले जाते. त्याआधी द्यावयाची गोष्ट आहे संयम. पायरी फूटभर मागे, फलक खाली, दुचाकी आखलेल्या पट्ट्यात. एवढे झाले तर निम्मे सुशोभन कुंडी न मांडताच होते.

कोणासाठी सुंदर?

सुशोभनाची मोहीम सुरू झाली की पहिला घाव पडतो तो हातगाडीवाल्यांवर. मोहिमेच्या आदल्या दिवशी पालिकेचे पथक येते, भाजीवालीचा वजनकाटा उचलला जातो, केळीवाल्याची गाडी जप्त होते; रोजची पावती मात्र त्यांच्याकडून नियमाने फाडलेली असते. पंधरा फूट पुढे आलेल्या पक्क्या दुकानाच्या पत्र्याच्या शेडला हात लावला जात नाही. रस्त्याचे सौंदर्य म्हणजे गरीब माणूस न दिसणे, अशी व्याख्या यामागे दडलेली आहे, आणि ती सुशिक्षितांच्या मनात फार खोलवर रुजलेली आहे.

पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा केंद्रीय कायदा २०१४ साली झाला. विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन त्यांना प्रमाणपत्र दिले जाईपर्यंत कोणालाही हटवू नये, आणि जागा ठरविणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे तो सांगतो. किती गावांत ही समिती नियमाने बसते, हा प्रश्न त्या गावच्या शिक्षकांनी व कारकुनांनी आपापल्या पालिकेला विचारून पाहावा. वास्तविक ज्यांना रस्ता स्वच्छ हवा असतो त्यांत पथविक्रेता पहिला आहे. त्याचे गिऱ्हाईक त्याच्यापुढे उभे राहून खरेदी करते. घाणीत कोणी उभे राहत नाही. शिवाय सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत त्या जागेवर नजर ठेवणारा दुसरा कोण आहे? पांढरी रेघ ओढून जागा नेमून दिली, जवळ कचऱ्याचा डबा आणि पाण्याचा नळ दिला, तर तुकड्याचा जागल्या तोच होऊ शकतो.

पादचाऱ्याचेही असेच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची निर्वेध वाट असावी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. आपल्या गावांत पदपथ असलाच तर तो कमरेएवढा उंच, मध्ये विजेचा खांब, पुढे रोहित्र. सुशोभनात त्यावर रंगीत फरशी बसते. पण गुडघे दुखणाऱ्या वृद्धेला निवृत्तिवेतनासाठी बँकेत जायचे असते तेव्हा ती रस्त्यावरूनच चालते. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या गटात २०२० साली कराड आणि २०२१ साली विटा ही गावे देशात पहिली आली, ही पश्चिम महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट खरीच, आणि लहान गाव मनात आणील तर काय करू शकते याचा तो पुरावा आहे. तथापि असे क्रमांक मुख्यतः कचऱ्याचे संकलन, वर्गीकरण, प्रक्रिया यांवर मिळतात. त्या वृद्धेला चालता येते की नाही याला त्यात फारसे गुण नाहीत.

आणि झाडू. महाराष्ट्रात रस्ता झाडण्याची एक थोर परंपरा आहे. सेनापती बापट पारनेरला रस्ते झाडीत. गाडगेमहाराज दिवसा गाव झाडीत आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून झाडून काढीत. या दोघांच्या हातातील झाडू समारंभापुरता नव्हता. तो रोजचा होता. ज्या कामाला समाजाने जातीचा शिक्का मारून हीन ठरविले ते काम करून दाखविणे, हा त्याचा अर्थ होता. आजच्या मोहिमेत पाहुण्यांसाठी आणलेले हातमोजे दुपारी परत गोळा होतात आणि सोमवारी सफाई कामगार उघड्या हातांनी गटार उपसतो. पुष्कळ पालिकांत तो ठेकेदाराकडे असतो, आणि त्याचा पगार वेळेवर होतो की नाही याची चौकशी श्रमदान करणाऱ्यांपैकी कोणी करीत नाही. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली आपली कष्टकरी पंचायत उभारली आणि पुढे त्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम मिळविले. तेथे नागरिकांचा सहभाग कोणता? कचरा वेगळा करून देणे आणि महिन्याचे शुल्क न कुरकुरता देणे. यात छायाचित्र काढण्याजोगे काही नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. १९९९ साली राज्यातील नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचे साहाय्यक अनुदान आले. पालिकेच्या हाती उरला तो मुख्यतः मालमत्ता कर, आणि चतुर्वार्षिक आकारणीत तो वाढविण्याचे धैर्य निवडणुकीकडे डोळे लावून बसलेल्या सभेला सहसा होत नाही. नगरोत्थानासारख्या योजनांतून नवे काम करण्यास अनुदान मिळते. झालेले काम सांभाळण्याचा बोजा पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नावर पडतो. परिणाम उघड आहे. जुना पदपथ दुरुस्त करण्यापेक्षा तो उखडून नवा करणे पालिकेला सोपे, ठेकेदाराला फायद्याचे आणि उद्घाटनाच्या दृष्टीने शोभिवंत. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात दहा वर्षांच्या लेखी हमीवर बांधून घेण्यात आला आणि कित्येक दशके खड्ड्यांविना टिकला, ही गोष्ट महाराष्ट्रात दंतकथेसारखी सांगितली जाते. ती दंतकथा वाटावी यातच सारे आले. आजही निविदेत दोषनिवारणाची मुदत लिहिलेली असते. ती किती वर्षांची आहे आणि अनामत रक्कम केव्हा परत केली, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून कोणत्याही नागरिकाला विचारता येते.

२०२१-२२ नंतर अनेक नगरपालिकांच्या निवडणुका रखडल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्या होईपर्यंत कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. आता सभागृहे पुन्हा भरली आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला जातो. त्यात ‘मुख्य रस्ता सुशोभन’ या शीर्षाखाली एक मोठा आकडा असतो आणि ‘देखभाल व दुरुस्ती’ या शीर्षाखाली एक लहानसा. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून सूचनाफलकावर लावण्याचे काम गावातील महाविद्यालयाचे विद्यार्थी करू शकतात. भिंतीवर मोर काढण्याइतकेच ते सोपे आहे.

आणि त्यानंतर येतो एप्रिल. पावसाळ्यापूर्वी गटारे उपसण्याचा तो काळ. मुकादम माणसे घेऊन येतो आणि परत जातो, कारण दुकानापुढची फरशी पक्की बसविलेली असते आणि ती फोडू द्यायला कोणी तयार नसतो. जूनच्या पहिल्या पावसात तेच पाणी दुकानात शिरते आणि तहसील कचेरीत पंचनाम्यासाठी अर्ज जातात. फरशीऐवजी उघडता येणारी लोखंडी जाळी बसविली तर पायरीही राहते आणि गटारही उपसता येते. जाळीचा खर्च दुकानदाराचा, पंधरवड्याला ती उघडून गाळ काढण्याची जबाबदारी पालिकेची, आणि काढलेला गाळ रस्त्यावर तसाच न ठेवता त्याच दिवशी उचलण्याची अट. एवढा ठराव व्यापारी संघाच्या मार्चच्या बैठकीत होण्यासारखा आहे.